मापाचे माप : हौशी बिनतारी मापनासाठी प्रमाण-लोडची निवड

कल्याणहून निघून मुरबाडमार्गे माळशेज घाट चढणारा रस्ता भारतीय रेडिओ-ज्योतिषाच्या इतिहासातील दोन स्थळांना जोडतो, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. रस्त्याच्या खालच्या टोकाला कल्याण आहे. तेथे १९६५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे गोविंद स्वरूप व त्यांचे सहकारी यांनी ऑस्ट्रेलियातून, सिडनीजवळील पॉट्स हिल येथून, आलेल्या ३२ अन्वस्ताकार आकाशकांची मालिका उभी केली. प्रत्येक आकाशकाचा व्यास सुमारे १.८ मीटर होता, आणि सुमारे ६१० मेगाहर्ट्‌झ कंप्रतेवर सूर्याचे निरीक्षण करणे हा त्या मालिकेचा हेतू होता. घाट ओलांडून जुन्नर तालुक्यात उतरले म्हणजे खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० आकाशकांच्या महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बिणीचे केंद्र लागते. या दोहोंच्या मधल्या वाटेवरील मुरबाड-शहापूरच्या परिसरात एखाद्या विद्यार्थ्याने किंवा हौशी बिनतारी चालकाने छपरावर लहानसा आकाशक उभारला, तर त्याच्यापुढील मूळ प्रश्न या मोठ्या यंत्रणांच्या प्रश्नाहून जातीने वेगळा नसतो. आकाशकाचा संरोध किती, तारेतून गेलेली किती शक्ती परत फिरते, आणि मापकाने दाखविलेल्या आकड्यावर कितपत विश्वास ठेवावा, हाच तो प्रश्न होय.

गेल्या काही वर्षांत या मापनाचे साधन विद्यार्थ्याच्या आवाक्यात आले आहे. एके काळी मोठ्या प्रयोगशाळेतच आढळणारा सदिश जाल-विश्लेषक आता तळहातावर मावतो. ‘नॅनोव्हीएनए’ या नावाने २०१९ पासून सर्वत्र पसरलेले उपकरण हे त्याचे परिचित उदाहरण होय. तथापि उपकरण स्वस्त झाले म्हणून मापन अचूक झाले असे होत नाही. त्याची अचूकता त्याच्यासोबत मिळणाऱ्या तीन लहान टोप्यांवर, आणि त्यांतही विशेषेकरून ‘लोड’ नावाच्या एका टोपीवर, अवलंबून असते. हा लोड कसा निवडावा, कसा तयार करावा आणि कसा पडताळावा, याचे विवेचन करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. तीन प्रमाणे

ज्या तारेचा लाक्षणिक संरोध ५० ओहम आहे तिच्या टोकाला ‘स’ एवढा संरोध जोडला असता परावर्तन गुणांक (स − ५०) ÷ (स + ५०) इतका येतो. टोक उघडे असेल तर हा गुणांक +१, टोक आखूड-बंद म्हणजे ‘शॉर्ट’ केलेले असेल तर −१, आणि टोकाला नेमका ५० ओहमचा रोध असेल तर शून्य. मापकाच्या आतील पूल, जोडण्या आणि तार यांच्या दोषांमुळे उपकरण प्रत्यक्षात या तिन्ही ठिकाणी भलतेच आकडे वाचते. हे सर्व दोष तीन सदिश अचलांत सामावता येतात. तीन अज्ञात राशींसाठी तीन समीकरणे हवीत, म्हणून तीन प्रमाणे : उघडे टोक, बंद टोक आणि लोड. ही तिन्ही क्रमाने जोडून वाचन घेतले की उपकरण अचल काढते आणि पुढील प्रत्येक वाचनात दुरुस्ती करते. यालाच मापांकन अथवा कॅलिब्रेशन म्हणतात.

येथे एक गृहीत दडलेले आहे. जोडलेला लोड नेमका ५० ओहमचा आहे की नाही हे उपकरणास कळत नाही. ते तसे मानून चालते. ते गृहीत चुकीचे असेल तर काय घडते?

२. लोड हेच माप

उत्तर अनपेक्षितपणे साधे आहे. उघडे व बंद टोक निर्दोष आहेत आणि लोडचा खरा संरोध ‘भ’ आहे असे समजू. मापांकनानंतर उपकरण उघड्या टोकास +१, बंद टोकास −१ आणि ‘भ’ या संरोधास शून्य वाचते. या तीन अटी पाळणारे द्विरेषीय रूपांतर एकच असू शकते, आणि (स − भ) ÷ (स + भ) हे रूपांतर त्या तिन्ही अटी पाळते. याचा अर्थ, उपकरण आता ५० ओहमच्या नव्हे तर ‘भ’ च्या अपेक्षेने परावर्तन मोजू लागले. त्यावरून ते संरोध काढील तेव्हा उत्तर येईल :

दर्शित संरोध = ५० × स ÷ भ

म्हणजे एक-द्वार मापनात उपकरण अज्ञात संरोधाचे लोडशी असलेले गुणोत्तर तेवढे सांगते. ओहममधील उत्तर लोडकडून येते. आपल्या भातपिकाच्या मुलखात हे समजावयास अवघड जाऊ नये. पायलीच जर ओठाशी झिजून लहान झाली असेल, तर खळ्यावरची सगळी रास त्याच प्रमाणात जास्त भरते. मापणाऱ्याचा हात कितीही स्वच्छ असो. लोड ही बिनतारी मापनातील पायली होय.

या समीकरणातून एक आश्वासक निष्कर्षही निघतो. लोड बरोबर ५० ओहमचा असण्यापेक्षा तो किती ओहमचा आहे हे ठाऊक असणे अधिक महत्त्वाचे आहे. लोड ४९.० ओहमचा आहे हे निश्चित माहीत असेल, आणि आकाशकाचा दर्शित संरोध ५१.० ओहम आला, तर खरा संरोध ५१.० × ४९ ÷ ५० म्हणजे ४९.९८ ओहम होय. उच्च कंप्रतेला ‘भ’ ही सदिश राशी असते, तेव्हा हाच गुणाकार सदिश पद्धतीने करावा. महागडा लोड विकत घेण्याऐवजी स्वस्त लोडचे ज्ञान मिळविणे, हा मार्ग ग्रामीण महाविद्यालयाच्या तुटपुंज्या साधनांतही खुला आहे.

३. किती चूक चालेल ?

लोडची प्रत सामान्यतः परतहानीने सांगतात. परत आलेली शक्ती पाठविलेल्या शक्तीपेक्षा किती डेसिबेलने कमी आहे, हा तो आकडा होय. जितका मोठा तितका लोड चांगला. रोधात १ टक्का चूक असेल तर परावर्तन गुणांक ०.००५ येतो आणि परतहानी ४६ डेसिबेल. ५ टक्के चुकीस ती सुमारे ३२ डेसिबेल, तर ०.१ टक्का चुकीस सुमारे ६६ डेसिबेल होते.

आता लोडचा गुणांक ०.०२७ आहे, म्हणजे परतहानी सुमारे ३१ डेसिबेल आहे, असे धरू. मोजावयाचा आकाशक चांगला असून त्याचा गुणांक ०.०३२, म्हणजे परतहानी ३० डेसिबेल आहे. लहान गुणांकांच्या बाबतीत दर्शित उत्तर म्हणजे या दोन सदिशांची वजाबाकी होय. त्या दोहोंच्या कलेनुसार उत्तर ०.००५ पासून ०.०५९ पर्यंत कोठेही पडू शकते. डेसिबेलमध्ये सांगावयाचे तर एकाच आकाशकाची परतहानी कोणास ४६ दिसेल, तर कोणास २४.६. अशा वेळी ४६ आकडा मिळालेला चालक आनंदित होईल आणि २४.६ मिळालेला आकाशकाची लांबी पुन्हा कापावयास बसेल. वास्तविक आकाशक तोच आहे. दोघांची मापे वेगळी आहेत.

परंतु तोच लोड घेऊन स्थिरतरंग गुणोत्तर १.५ असलेला आकाशक मोजला, तर उत्तर १.४२ ते १.५९ या मर्यादेत येते. प्रक्षेपकास आकाशक जोडावा की नाही, एवढाच निर्णय घ्यावयाचा असेल तर हा फरक उपेक्षणीय आहे. म्हणून ‘अचूक लोड कोणता’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कशासाठी अचूक’ हे आधी ठरविले पाहिजे. उपयोगी नियम असा की, जी परतहानी मोजावयाची तिच्यापेक्षा लोडची परतहानी निदान २० डेसिबेलने अधिक असावी. तसे असता गुणांकातील चूक सुमारे दहा टक्क्यांच्या आत राहते.

४. रोधकाची निवड

एकदिश विद्युत्‌प्रवाहास ५० ओहम असणारा रोधक उच्च कंप्रतेस तसाच राहील अशी खात्री नसते. त्याच्या तारांना प्रवर्तकता असते आणि टोकांदरम्यान धारकता असते. बारीक तारेची प्रवर्तकता ढोबळमानाने दर मिलिमीटरला १ नॅनोहेन्री धरावी. दोन्ही बाजू मिळून १० मिलिमीटर तार राहिलेला साधा कार्बन रोधक घेतला, तर त्याच्या १० नॅनोहेन्री प्रवर्तकतेचा ७.१ मेगाहर्ट्‌झला प्रतिरोध केवळ ०.४५ ओहम भरतो, आणि तेवढ्यापुरती परतहानी ४७ डेसिबेल राहते. तोच रोधक १४५ मेगाहर्ट्‌झला ९.१ ओहमचा प्रतिरोध दाखवितो आणि परतहानी २१ डेसिबेलवर येते. लघुतरंगांवर उत्तम असलेला लोड हौशी केंद्रांच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात निकामी ठरतो, तो असा. तार गुंडाळून केलेले रोधक तर या कामी मुळीच वापरू नयेत.

यावर उपाय म्हणजे मंडलफलकावर पृष्ठभागी बसणारे, तार नसलेले चिप-रोधक. १०० ओहमचे, १ टक्का किंवा त्याहून चांगल्या प्रतीचे, दोन पातळ-पटल रोधक घेऊन ते जोडणीच्या मधल्या खिळ्याच्या दोन्ही बाजूंस समांतर डाखवावेत. रोध ५० ओहम होतो, प्रवर्तकता निम्मी होते, आणि प्रवाह सममित विभागला जातो. अशा रचनेत १ नॅनोहेन्री प्रवर्तकता उरली असे मानले, तर परतहानी १४५ मेगाहर्ट्‌झला सुमारे ४१ आणि ४३५ मेगाहर्ट्‌झला सुमारे ३१ डेसिबेल येते. यातही सुधारणा शक्य आहे. प्रवर्तकता भागिले धारकता ही राशी ५० च्या वर्गाइतकी झाली की दोन्ही दोष पहिल्या कोटीपर्यंत परस्परांस छेदतात. १ नॅनोहेन्रीस ०.४ पिकोफॅरड धारकता पुरते, आणि तेवढी मधल्या खिळ्यापाशी तांब्याचा लहानसा पत्रा ठेवूनही मिळते.

तापमानाची चिंता बहुधा अनाठायी असते. रोधकाचा तापगुणक अंशास दशलक्षात १०० भाग असेल, तर हिवाळ्याच्या पहाटेपासून उन्हाळ्याच्या दुपारपर्यंत २५ अंशांचा फरक धरूनही रोध पाव टक्क्याने बदलतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी खरा शत्रू पावसाळी दमटपणा हा आहे. जोडणीच्या संपर्क-पृष्ठांवर साचणारा मळ व गंज पाव टक्क्याहून कितीतरी मोठी आणि शिवाय अनियमित चूक घडवितो. लोड टोपण लावून कोरड्या डबीत ठेवावा. आटे फिरविताना नट फिरवावा, लोडचे अंग फिरवू नये.

५. नावसाधर्म्याचा घोटाळा

‘लोड’ या एकाच शब्दाने तीन निराळी साधने ओळखली जातात. प्रक्षेपकाची शक्ती उष्णतेच्या रूपाने जिरविणारा ‘डमी लोड’ हे पहिले. त्याने दहा-वीस वॉट सोसावेत एवढीच अपेक्षा असते. स्थिरतरंग गुणोत्तर १.२ असले तरी त्याचे काम भागते, परंतु त्याची परतहानी केवळ २१ डेसिबेल होय. त्यावर मापांकन करणे म्हणजे भात मोजावयास टोपली घेणे. उलटपक्षी, चिप-रोधकांच्या मापांकन-लोडमध्ये पाच वॉटचा हातप्रक्षेपक दाबला तर तो क्षणात जळेल.

दुसरे साधन गोंगाटाचे प्रमाण म्हणून वापरला जाणारा लोड. जॉन्सन व नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये दाखविले की, कोणताही रोध आपल्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात गोंगाटशक्ती देतो. डिकी यांनी १९४६ मध्ये याच आधारावर आकाशक आणि ज्ञात तापमानाचा लोड यांची आलटून पालटून तुलना करणारा ग्राहक मांडला. तेथे लोडच्या रोधाइतकेच त्याचे तापमानही ठाऊक असावे लागते. आपल्या विवेचनाचा विषय तिसरे साधन, म्हणजे संरोधाचे प्रमाण, हा आहे.

जुन्या बाजारातून येणाऱ्या नामांकित लोडविषयीही सावध असावे. १८ गिगाहर्ट्‌झपर्यंत स्थिरतरंग गुणोत्तर १.०५ हे वचन प्रभावी वाटते. पण त्याचा अर्थ परतहानी किमान ३२ डेसिबेल एवढाच. १४५ मेगाहर्ट्‌झला तो लोड त्याहून पुष्कळ सरस असण्याचा संभव आहे, परंतु ते वचनात नाही. तेव्हा तोही मोजून पाहावा लागतोच.

६. खोटी व खरी पडताळणी

मापांकन संपताच तोच लोड पुन्हा जोडून ‘परतहानी ६० डेसिबेल आली’ असे समाधान मानण्याची पद्धत सर्रास आढळते. वरील समीकरणात स = भ घातले की उत्तर नेहमी ५० येते, मग लोड कसाही असो. या चाचणीने जोडणीची पुनरावृत्ती तेवढी तपासली जाते. याहून फसवी चाचणी म्हणजे टी-जोडणीवर एकाच जातीचे दोन लोड लावून २५ ओहम मिळतात का हे पाहणे. दोन्ही लोड ४७ ओहमचे असले तरी भ ÷ २ भागिले भ हे गुणोत्तर अर्धेच राहते, आणि उपकरण २५ दाखविते. गुणोत्तर मोजणाऱ्या यंत्राला गुणोत्तर विचारून मूळ मापाची चूक सापडत नाही.

खऱ्या पडताळणीस मापाबाहेरचा साक्षीदार हवा. पहिला साक्षीदार म्हणजे एकदिश रोधाचे मापन. चार तारांच्या पद्धतीने, किंवा निदान जोडतारांचा रोध वजा करून, लोडचा रोध मोजावा. आणि मोजणारा मापी स्वतः ०.१ टक्का प्रतीच्या, ४९.९ ओहमच्या रोधकावर आधी ताडून घ्यावा. यामुळे लघुतरंगांपर्यंतचा प्रश्न बव्हंशी सुटतो.

दुसरा साक्षीदार उच्च कंप्रतेसाठी असून तो भूमितीतून येतो. हवा भरलेल्या समाक्ष नळीचा लाक्षणिक संरोध सुमारे ६० × व्यास-गुणोत्तराचा नैसर्गिक लघुगणक इतका असतो. बाहेरील नळीचा आतील व्यास २३ मिलिमीटर आणि आतील दांड्याचा व्यास १० मिलिमीटर असता तो ५० ओहमच्या अगदी जवळ येतो. दांड्यात ०.१ मिलिमीटर चूक झाली तर संरोध ०.६ ओहमने ढळतो, म्हणजे ४४ डेसिबेलपर्यंत हे प्रमाण विश्वसनीय राहते. महाविद्यालयाच्या कर्मशाळेतील लेथ आणि व्हर्नियर यांना हे साध्य आहे.

या नळीची लांबी ५१७ मिलिमीटर ठेवावी. ती १४५ मेगाहर्ट्‌झला पाव तरंगलांबी आणि ४३५ मेगाहर्ट्‌झला पाऊण तरंगलांबी भरते. भारतात हौशी केंद्रांना असलेला ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्‌झचा पट्टाही त्यामुळे साधतो. प्रथम लोडवर मापांकन करावे, मग तोच लोड नळीच्या दुसऱ्या टोकाला लावून वाचन घ्यावे. पाव किंवा पाऊण तरंगलांबीच्या प्रवासात लोडच्या गुणांकाचे चिन्ह उलटते. उपकरणाने आधीच तो गुणांक शून्य मानून वजा केलेला असल्याने आता वाचन त्याच्या उणे दुपटीइतके येते. वाचन निम्मे करून चिन्ह बदलले की लोडचा खरा गुणांक हाती येतो. समजा, नळीतून ३४ डेसिबेल परतहानी दिसली, म्हणजे गुणांक ०.०२, तर लोडचा गुणांक ०.०१ आणि त्याची परतहानी ४० डेसिबेल. नळी व जोडणी यांच्या सांध्यातील व्यासबदलाचे परावर्तन मात्र या उत्तरात मिसळते, म्हणून तो सांधा आखूड आणि शक्य तितका क्रमाक्रमाने निमुळता करावा.

७. उरलेली दोन प्रमाणे आणि मापनाची जागा

उघडे व बंद टोक यांच्यातील दोष प्रामुख्याने कलेचे असतात. दोन्हींची संदर्भ-पातळी हवेतील १० मिलिमीटर अंतराने जुळत नसेल, तर ४३५ मेगाहर्ट्‌झला जाऊन-येऊन सुमारे १० अंशांचा आणि १४५ मेगाहर्ट्‌झला साडेतीन अंशांचा फरक पडतो. उघड्या टोकाच्या ०.०५ पिकोफॅरड धारकतेमुळे पडणारा फरक ४३५ मेगाहर्ट्‌झलाही एका अंशाहून कमी असतो. म्हणून बंद आणि उघडे टोक एकाच जातीच्या, एकाच लांबीच्या जोडणीवर तयार करावे, हे पुरे.

मापांकन कोठे करावे, हा मुद्दा लोडइतकाच निर्णायक आहे. एका दिशेने ३ डेसिबेल क्षय असलेल्या तारेचे दुसरे टोक संपूर्ण उघडे ठेवले, तरी उपकरणापाशी परतहानी ६ डेसिबेल, म्हणजे स्थिरतरंग गुणोत्तर सुमारे ३ दिसते. आकाशक तुटून पडला असला तरी आकडा हताश करणारा वाटत नाही. तेव्हा तिन्ही प्रमाणे तारेच्या आकाशकाकडील टोकाला लावून मापांकन करावे. स्वरूप व यांग यांनी १९६१ मध्ये मोठ्या आकाशक-मालिकेतील तारांच्या कला जुळविण्यासाठी जी पद्धत मांडली, तीत संकेत आकाशकापर्यंत पाठवून तेथूनच परावर्तित करण्याचे जे धोरण आहे, त्यामागेही हाच विचार आहे : जेथील स्थिती जाणावयाची, तेथेच प्रमाण उभे करावे.

मूळ रचनेचा नॅनोव्हीएनए ३०० मेगाहर्ट्‌झच्या वर आपल्या संकेताच्या विषम गुणितावर काम करतो आणि त्यामुळे त्याची गतिसीमा घटते, हेही ४३५ मेगाहर्ट्‌झवर काम करणाऱ्याने विसरू नये. तेथे एकाच वाचनावर न थांबता अनेक वाचनांची सरासरी घ्यावी.

८. निष्कर्ष

आकाशकाची सामान्य जुळणी करावयाची असेल तर १०० ओहमच्या दोन चिप-रोधकांचा, एकदिश रोध मोजून घेतलेला लोड १४५ मेगाहर्ट्‌झपर्यंत निःशंकपणे वापरावा. गाळण्या, विभाजक किंवा अनेक आकाशकांची मालिका यांसाठी ४० डेसिबेलहून चांगला लोड लागतो, आणि तो तसा आहे हे हवा-नळीने सिद्ध केलेले असावे. लोड आदर्श नसेल तर त्याचा मोजलेला संरोध वहीत नोंदवून प्रत्येक उत्तर त्याने गुणावे व ५० ने भागावे. आणि विद्यार्थ्याने प्रबंधात संरोधाचा आकडा देताना त्याच्याशेजारी, कोणत्या लोडवर, तारेच्या कोणत्या टोकाला आणि कोणत्या साक्षीने मापांकन केले, हे तीन शब्दांत का होईना लिहावे. ज्या आकड्याचे माप सांगितलेले नाही तो दुसऱ्याला तपासता येत नाही. आणि जो तपासता येत नाही, त्यावर पुढील संशोधकाला काही रचता येत नाही.